करवंदांचा जॅम

महाबळेश्वरास राहणाऱ्या माणसानें स्ट्रॉबेरीची स्तुति करावी असा शिष्टसंप्रदाय आहे; तो मोडल्याबद्दल वाचकांची प्रथमच क्षमा मागतों. मे महिन्याच्या अखेरीस स्ट्रॉबेरीचा हंगाम आटोपलेला असतो, वळवाच्या एक-दोन सरी पडून गेलेल्या असतात, आणि काळीं करवंदें, पहिलीं जांभळें व आमच्या परसांतील तुती हीं तिन्ही फळें आठ-दहा दिवस एकदम हातीं लागतात. या त्रिवेणीचा मुरांबा आमच्या वहिनी साठ वर्षें करीत आल्या. त्यालाच आतां सूनबाई जॅम म्हणते. करमर्द आणि जंबू यांना असें परकें नांव पडावें याचें आम्हांस आरंभीं वैषम्य वाटलें. पण ज्या जंबुद्वीपाचा उच्चार आपण रोज संकल्पांत करतों, त्याचें फळ बरणीवरच्या चिठ्ठीनें थोडेंच बाटणार आहे!

करवंदें एक किलो घ्यावीं, परंतु सगळींच काळीं नकोत; पाव हिस्सा तरी लालसर, अर्धवट कच्चीं असावीं. जॅम धरतो तो पेक्टिन नांवाच्या द्रव्यामुळें, आणि फळ फार पिकलें म्हणजे त्याचा जोर ओसरतो. वहिनींना द्रव्याचें नांव ठाऊक नाहीं. नियम मात्र त्या लग्न होऊन आल्या तेव्हांपासून, म्हणजे आम्ही चार वर्षांचे असल्यापासून, सांगत आल्या आहेत. हातास तेल लावून देठ काढावे, नाहीं तर चीक बोटांस चिकटून बसतो. अर्धा किलो जांभळें व पाव किलो तुती मिसळून, थोडक्या पाण्यांत सारें मऊ शिजवावें, चाळणीवर घासून बिया काढाव्या, आणि मग गराच्या वजनाइतकी साखर घालावी. साखर आधीं घालूं नये; तिनें साली चिवट होतात. पातेलें पूर्वीं कल्हईचें असे, कारण इतकें आंबट पितळेंत हटकून कळकतें. आतां स्टीलचें असतें.

येथवर घरांत एकमत होतें. वाद झाला तो पातेलें केव्हां उतरावें यावर. वहिनींचें वय ८४, दृष्टि अधू. त्या एक थेंब बशींत निववून दोन बोटांत धरतात आणि सांगतात. गेल्या वर्षीं सूनबाईनें पाकाचा तापमापक आणला. तिच्या पुस्तकांत १०५ अंश सेल्सिअसला जॅम सिद्ध होतो असें छापलेलें होतें. कांटा शंभरापाशीं आला तोंच वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, झालें हो. उतरवायला सांगा तिला."

सूनबाईनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं हात वर करून म्हटलें, "वहिनी, अजून पांच अंश आहेत."

त्या पुन्हां एकदां म्हणाल्या, मग पदर सावरून ओटीवर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीं बरणींत चमचा शिरेना. मुलांनीं तो जॅम बत्त्यानें फोडून गोळ्यांसारखा चघळला.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. पाणी १०० अंशांस उकळतें तें समुद्रसपाटीस. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून उत्कलनबिंदुही खालीं येतो, हें आम्ही वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून देत होतों. महाबळेश्वर सुमारें १३७२ मीटर उंच; येथें पाणी ९५-९६ अंशांसच उकळतें. उकळत्या पाण्याहून साडेचार-पांच अंश अधिक, एवढाच जॅमचा हिशेब. म्हणजे आमच्या ओट्यावर शंभर. पुस्तक मुंबईच्या स्वैपाकघरास बरोबर होतें.

सकाळीं वहिनींच्या पुढें बसून हें सारें सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें. "दाब-बीब मला कळत नाहीं," त्या म्हणाल्या, "पण सुनेदेखत, मी बोललेंच नाहीं असें केलेंत, तेवढें लागलें."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ज्यांनीं आमचीं बोटें धरून आम्हांस शाळेंत पोंचविलें, त्यांना आम्हीं हात वर करून गप्प बसविलें होतें.

यंदा सूनबाई स्वतःच बशी घेऊन त्यांच्यापाशीं बसली. थेंब बोटांत धरून त्या "उतरव" म्हणाल्या, तेव्हां कांटा शंभराच्या किंचित् अलीकडे होता. आम्ही कांहीं बोललों नाहीं. चार बरण्या झाल्या. पहिली देवापुढें ठेविली आहे. मुरांबा कीं जॅम हें घरांत न ठरल्यामुळें नातवानें तिच्या चिठ्ठीवर नुसतें 'करवंदें, जांभळें, तुती' असें लिहिलें आहे.