आरशात दिसावं म्हणून

"ओ काका, तो ट्रॅक काय शोभेला बांधलाय का?"

सिग्नलला शेजारी थांबलेल्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं. मी सायकलवर, भर रस्त्यात. डाव्या हाताला लाल ब्लॉकचा सायकल ट्रॅक मोकळा पडलेला. कुणालाही वाटावं, म्हाताऱ्याला मस्ती आलीय.

पुण्यात धनकवडी ते स्वारगेट हा माझा वर्षानुवर्षांचा रस्ता; जाताना उतार, येताना दम. २००६च्या डिसेंबरात याच सातारा रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, त्या कामाबरोबर कडेला सायकल ट्रॅकही आले, तेव्हा मला कोण आनंद झाला होता! पण आठवडाभरातच मनगटं बोलायला लागली. ब्लॉकच्या फटींनी चाक सारखं थरथरायचं. दर सोसायटीच्या गेटपाशी ट्रॅक खाली उतरायचा, पुन्हा वर चढायचा. मधेच झाड, मग डीपीची पेटी, आणि बसथांब्यापाशी बसची वाट बघत उभी माणसं. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांना दुसरी जागाच ठेवली नव्हती. मोटारसायकली येऊ नयेत म्हणून तोंडाशी खांब रोवले. मोटारसायकली वळसा घालून आल्या, मी मात्र हँडल अडकवून घेतलं.

हे सगळं मी सोसलं असतं. ट्रॅक सोडला तो एका गल्लीच्या तोंडाशी. ट्रॅक आणि रस्ता यांच्यामध्ये गाड्यांची रांग उभी होती. त्या आडोशानं मी निवांत चाललो होतो. रांग संपली, गल्ली आली आणि एक मोटार डावीकडे वळून थेट माझ्यापुढे. कोपर सोलवटलं, चाकाचा आठ झाला. चालक उतरून म्हणाला, "तुम्ही एकदम आलात कुठून?"

तेव्हा मी भांडलो. रात्री हळद लावताना कळलं, बिचारा खरंच बोलत होता. ज्या रांगेनं मला सांभाळलं, तिनंच मला लपवलं होतं.

पुढे पुतण्याकडे नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला गेलो, तेव्हा मुद्दाम कोपरेच बघत हिंडलो. तिथे बऱ्याच ठिकाणी गाड्यांची रांग कोपऱ्याच्या बरीच अलीकडे संपते. छोट्या गल्लीच्या तोंडाशी ट्रॅक खाली उतरत नाही. मोटारीलाच उंचवटा चढून, वेग कमी करून तो ओलांडावा लागतो. बसथांब्यामागून ट्रॅक वळसा घेतो, प्रवाशांना उभं राहायला स्वतंत्र ओटा असतो. आपल्याकडेही इंडियन रोड्स काँग्रेसनं सायकल मार्गांच्या आखणीची पुस्तिका १९६२ सालीच काढली आहे. म्हणजे विषय नवा नाही. सरळ रस्त्यावर ट्रॅक आखायला दोरी पुरते. कसोटी लागते ती चौकात.

नुसते पट्टे मारून भागेल म्हणावं, तर तेही मी अनुभवलंय. उभ्या गाड्यांना लागून पांढरी रेघ. कुणी बेसावधपणे दार उघडलं की ते आपल्या पट्ट्यातच येतं. चुकवायला उजवीकडे जावं, तर मागून बस.

आता मी जमेल तिथे ट्रॅकवरून जातो आणि कोपरा यायच्या पन्नास पावलं आधी रस्त्यावर उतरतो. शिव्या खातो.

त्या रिक्षावाल्याला म्हटलं, "तुझ्या आरशात दिसावं म्हणून इकडं आलो रे बाबा."

त्यानं आरशात बघितलं. मग हातानंच खूण केली, आधी तुम्ही व्हा पुढे.