काढा आणि त्याची वेस

दिवाळी आली की तिच्या पाठोपाठ सर्दी येते. पहाटेचा गारवा, फटाक्यांचा धूर आणि चकल्या-कडबोळी या साऱ्यांचा हिशेब भाऊबीजेपर्यंत बिचाऱ्या घशाला चुकता करावा लागतो. मग फराळाच्या डब्यांशेजारी काढ्याचे पातेले चढते, आणि घरातले प्रत्येक माणूस आपापल्या परीने वैद्य होते.

हडपसर म्हटले की आज लोकांना मगरपट्ट्याच्या उंच इमारती आठवतात. माझ्या आजीचे हडपसर मळ्यांचे होते. उसाचे, भाजीपाल्याचे, पाटाच्या पाण्याचे. मळा गेला, पण परसातला एक वाफा तिने हट्टाने राखला. त्यात तुळस, गवती चहा आणि कुंपणाला आडुळसा. आडुळशाला जनावर तोंड लावत नाही, म्हणून तो कुंपणाला बरा. "जे शेळीला नको, ते खोकल्याला चालते," असे ती म्हणे.

तिचा काढा असा : चार पेले पाणी, मूठभर तुळशीची पाने, गवती चहाच्या दोन-तीन पाती, आडुळशाचे एक पिकले पान, बोटाच्या पेराएवढी ठेचलेली सुंठ, चार मिरे आणि ज्येष्ठमधाची लहानशी काडी. मंद आचेवर, झाकण न ठेवता, एक पेला उरेपर्यंत आटवायचा. वरून गुळाचा खडा. मध घालायचा तर काढा कोमट झाल्यावर. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच नाही. गर्भार बाईच्या काढ्यातून आडुळसा वगळायचा. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो, हे आम्हाला पुढे डॉक्टरांनी सांगितले. तेव्हापासून वडिलांच्या पेल्यातून ती काडी गेली.

या काढ्याला हसणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की आडुळशातल्या व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सीन हे कफ पातळ करणारे औषध घडवले. आणि काढ्याला डोक्यावर घेणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की सर्दी औषधाने सात दिवसांत जाते आणि औषधावाचून आठवड्यात! काढा घशाला शेकतो, कफ सुटायला मदत करतो, झोप आणतो. फ्ल्यूचा विषाणू काही त्याने मरत नाही.

२०२० साली करोना आला, तेव्हा आयुष मंत्रालयानेही तुळस, दालचिनी, सुंठ आणि मिरे यांचा काढा सांगितला. मग काय विचारता! आमच्या गल्लीत लोक दिवसातून चार-चार वेळा काढा पिऊन तोंड सोलून घेऊ लागले. त्याच भाद्रपदात आत्याला ताप आला. आई दाराबाहेर काढा ठेवी, आत्या तो निमूटपणे पिई. पाचव्या दिवशी तिला बोलताना धाप लागली. बोटाला लावायच्या त्या चिमट्यावरचा आकडा नव्वदीच्या खाली उतरला. इस्पितळाचे नाव काढताच आत्या म्हणाली, "काढा चालू आहे ना? होईल बरे."

आईने शेगडी बंद केली. "वन्सं, उठा. सासूबाई काय सांगायच्या? काढा तीन दिवसांचा. दम लागला तर एका घटकेचाही नाही."

बारा दिवसांनी आत्या घरी आली. आल्या आल्या तिने काढाच मागितला, आणि आईने तो आनंदाने करून दिला.

मला आजीच्या शहाणपणाचे मर्म त्या दिवशी उमगले. तिला काढा येत होता, त्याहून अधिक म्हणजे काढ्याची वेस ठाऊक होती. आणि ही वेस आमच्या हडपसरने फार पूर्वीच ओलांडून दाखवली आहे. १८९७ च्या प्लेगात ससाणे मळ्यात यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे पोहोचवले आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. उंबऱ्याशी बसून चार पाने उकळणे त्यांना अवघड नव्हते. पण माणूस उचलून न्यावे लागते तेव्हा उचलूनच न्यावे लागते. याच हडपसरात १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि २०२१ मध्ये करोनाची लस येथूनच देशभर गेली. आत्याने ती घेतली. घरी येऊन, दंड दुखतो म्हणून कुरकुरत, पेलाभर काढाही घेतला.

तेव्हा वाचकहो, दिवाळीत कोणी शिंकले तर पातेले जरूर चढवा. आजाऱ्यासाठी कोणी तरी आचेपाशी उभे आहे, एवढ्यानेही त्याला बरे वाटते. फक्त काढा उकळताना एक डोळा पातेल्याकडे असला, तर दुसरा आजाऱ्याच्या श्वासाकडे असू द्या.