न्हाल्यावरचे तेल

गिरगावातल्या चाळीत आजी न्हाण्याआधी केसांना खोबरेल चोळी आणि न्हाल्यावर केस दमट असतानाच पुन्हा दोन थेंब लावी. घरातल्या शिकलेल्यांना तो चिकटपणा वाटे. 2003 साली मुंबईतील मॅरिकोच्या संशोधकांनी खनिज, सूर्यफूल व खोबरेल या तेलांची तुलना प्रसिद्ध केली. न्हाण्याआधी वा नंतर लावले तरी केसांतील प्रथिनांची झीज खोबरेलानेच कमी केली. संशोधन तेल विकणाऱ्यांचे होते, हे ध्यानात ठेवूनच ते वाचावे.

आज विद्यार्थिनी ‘लीव्ह-इन कंडिशनर’ वापरतात. तो ओल्या केसांना लावावा की कोरड्या, हा त्यांचा प्रश्न. ओला केस ताणल्यास लवकर तुटतो. म्हणून पाणी टिपून, दमट केसांनाच लावावा, म्हणजे फणी सहज फिरते. आजी हेच करी. तिला कुणी कारण विचारले नाही, याचीच खंत वाटते.