भिंतीवरचा खिळा

मिग कारखान्यात चौतीस वर्षं विमानाची जोडणी केली, पण तिकीट काढून विमानात कधी बसलो नव्हतो. ओझरच्या ज्या धावपट्टीवरून सुखोई उडताना रोज पाहिलं, तिच्यावरूनच ७ सप्टेंबर २०२५ ला, निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, आम्ही नवरा-बायको दिल्लीला निघालो. पुढे काठमांडू. आदल्या दिवशी बाणगंगेवर गणपती बोळवले होते, निघालो त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण आणि लगेच पितृपक्ष. आत्याने तोंडावर सांगितलं, "पितरांच्या दिवसांत कुणी फिरायला जातं का?" पण या दिवसांत टूर स्वस्त पडते, हे टूरवाल्यालाही ठाऊक होतं आणि आमच्या हिलाही.

मला धास्ती होती ती कागदांची. नेपाळला विमानाने जाताना आपल्या वयाला आधार कार्ड चालत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. शंभराच्या वरच्या नोटा तेव्हा नेता येत नसत. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. सगळं वहीत लिहून घेतलं. तिथल्या सरकारने ४ तारखेला फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब धरून २६ समाजमाध्यमं बंद केली, हेही पेपरात वाचलं होतं. कंपन्यांनी नोंदणी केली नाही म्हणून बंदी, त्यात आपलं काय जातंय, असं म्हणून पान उलटलं.

८ तारखेला सोमवारी सकाळी काठमांडूला उतरलो. विमानतळावरून थामेलला जाताना बसवाल्याने सरळ रस्ता सोडला आणि गौशाळा, चाबहिल असा वळसा घातला. वाटेत शाळा-कॉलेजच्या गणवेशातली पोरं घोळक्याने चाललेली दिसली. हातात नेपाळचे झेंडे आणि मधूनच एक काळा झेंडा. त्यावर कवटी, आपल्याकडे विजेच्या डीपीवर 'धोका' लिहून असते तशी, आणि त्या कवटीला चक्क गवती टोपी! मला वाटलं, वीज कर्मचाऱ्यांचा मोर्चा असेल. ते एका जपानी कार्टूनमधल्या चाच्यांचं निशाण आहे, हे घरी परतल्यावर नातवाने समजावलं.

हॉटेल तीन मजल्यांचं, गल्लीतलं. खोली पाहून हिने नाक मुरडलं. काउंटरमागे मालकाचा कुणा पुढाऱ्याशी हात मिळवतानाचा मोठा फोटो, फ्रेम करून टांगलेला, त्याला पिवळ्या फुलांचा हार. तो फोटो मी लक्षात ठेवायचं काही कारण नव्हतं.

दुपारी कळलं की पशुपतिनाथाचं दर्शन रद्द, संचारबंदी लागली. संध्याकाळपर्यंत आकडा आला. संसदेच्या आवारापाशी गोळीबार झाला होता, देशभरात १९ जण गेले होते. त्यांत बहुतेक सकाळी पाहिली त्याच वयाची पोरं. बातमी सांगणारा हॉटेलातला पोऱ्या जेमतेम विशीचा. मला 'बुबा' म्हणायचा, हिला 'आमा'. ताट ठेवताना त्याचा हात थरथरत होता, पण वरण सांडू दिलं नाही त्याने.

घरी कळवायचं तर हॉटेलच्या वायफायवर व्हॉट्सॲप चालेना. पेपरातली ती बातमी आता आठवली; पोरं रस्त्यावर उतरली होती ती या बंदीवरूनही. मुलाला रात्री आठला फोन करतो म्हणून सांगितलेलं. हॉटेलच्या फोनवरून लावला तर तो ओरडलाच, "बाबा, आहात कुठे? सव्वाआठ झाले!" आमच्या भिंतीवरच्या घड्याळात साडेआठ. आपलं कोणतं, त्यांचं कोणतं, हा हिशोब मांडण्यात अर्धा फोन गेला. त्याच रात्री सरकारने बंदी उठवली. म्हणजे व्हॉट्सॲप सुरू झालं आणि बाहेर पडणं बंद झालं.

९ तारखेला सकाळी उठलो तर गल्लीत सगळी शटर खाली. आम्हाला झोपेत सुखोईचा आवाज चालतो, तिथल्या शांततेने जाग आली. मी गच्चीत गेलो. दुपारपर्यंत चार-पाच ठिकाणी धूर दिसायला लागला. डोक्यावरून लष्करी हेलिकॉप्टर घरघरत गेलं. रशियन बनावटीचं असणार, एवढं कानाला कळलं. मंत्र्यांना घरांतून उचलून नेत होते, हे मागाहून समजलं. मी सवयीने मोबाइल वर धरला तेवढ्यात पोऱ्या धावत आला. "बुबा, छतपे मत आओ, और व्हिडिओ तो बिलकुल नहीं. नीचेवाला क्या समझेगा, कौन है आप?" मी मुकाट्याने जिना उतरलो. आयुष्यभर सेफ्टीच्या सूचना ऐकल्या, पण एवढी नेमकी क्वचितच.

खाली आलो तर काउंटरमागे खिळा होता, फोटो नव्हता. त्या जागी भिंतीचा रंग चौकोनी आकारात उजळ दिसत होता आणि हाराची एक पाकळी खाली पडलेली. मालक हिशोबाच्या वहीत डोकं घालून बसलेला. थोड्या वेळाने बातमी आली, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. माझ्या लेखी तो राजीनामा त्या भिंतीवर आधीच झाला होता.

मग सरकारचं मुख्यालय सिंहदरबार पेटला, संसद पेटली, विमानतळ बंद झाला. नक्सालकडचं हिल्टन जळालं. त्यात कुणा पुढाऱ्याच्या घरच्यांचा पैसा आहे अशी बोलवा होती, खरंखोटं कोण बघतं. दुसऱ्या एका मोठ्या हॉटेलात आगीतून वाचायला खाली उतरताना एक भारतीय बाई दगावली. परक्या देशात मोठं हॉटेल म्हणजे सुरक्षित, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या रात्री हिने आमच्या कळकट खोलीबद्दल एक शब्द काढला नाही.

इकडे ओझरला टीव्हीवर तीच जळती संसद दर पाच मिनिटांनी दाखवत होते. मुलाला वाटे सगळं काठमांडू जळतंय. आम्ही तर शटरमागे भात खात बसलेलो. सून रडवेली, आत्या पितृपक्षावर ठाम. आमच्या गटात एक पुण्याचे काका होते, ते मला धीर देत म्हणाले, "ओझरचे ना तुम्ही? मग विघ्नहर आहे की पाठीशी." मी म्हटलं, "काका, तो जुन्नरचा ओझर. आमच्याकडे खंडोबा." ते म्हणाले, "चालेल. आत्ता कुणीही चालेल."

खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, ती पुढच्या दिवशी कळली. मदत मागायची कुणाकडे? पंतप्रधान नाही, गृहमंत्री नाही, पोलिस रस्त्यावर दिसेनात, तुरुंगांतून हजारो कैदी पळालेले. रात्री दहापासून लष्कराने ताबा घेतला होता. आपल्या वकिलातीचा निरोप एवढाच, की आहात तिथेच थांबा, बाहेर पडू नका, हे मदतीचे नंबर. टूरवाला नाशिकहून फोनवर "मी बघतो, मी बघतो" म्हणत होता. मला मात्र विश्वास पोऱ्याचा वाटायचा. कोणत्या चौकात सैनिक आहेत, पाण्याचा जार कधी येणार, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळे.

१० तारखेला संध्याकाळी विमानतळ उघडला. ११ ला सकाळी संचारबंदी थोडी सैल झाली तेव्हा आमच्या बसच्या काचेवर मालकाने स्वतः 'पर्यटक' असा कागद चिकटवला. दोन दिवसांचं जेवणाचं बिल त्याने घेतलं नाही. रस्त्यावर जळक्या गाड्यांचे सांगाडे, टायरचा वास आणि एक म्हातारी शांतपणे दार झाडत असलेली.

चौकात सैनिकाने बस थांबवली. प्रत्येकाचं तिकीट आणि ओळख बघत तो आमच्यापर्यंत आला. बाकीच्यांचे पासपोर्ट, माझ्या हातात मतदार ओळखपत्र. त्यावरचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा, काळ्या जाड मिशा, डोक्यावर भरपूर केस. त्याने कार्ड पाहिलं, मला पाहिलं, परत कार्ड पाहिलं. माझ्या पोटात गोळा. ही पुढे वाकून म्हणाली, "हेच आहेत हो ते, मी बघतेय ना रोज." मराठीतच. त्याला काय कळलं कोण जाणे, पण हसला आणि कार्ड परत दिलं.

आम्ही घरी पोचल्यावर १२ ला सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या बाई. मृतांचा आकडा पुढे सत्तरच्या वर गेला. ५ मार्च २०२६ ही निवडणुकीची तारीख जाहीर झाली. ज्या आमच्या हिने आजवर ओझरच्या निवडणुकीचा निकाल विचारला नाही, ती रोज पेपरात नेपाळ शोधायला लागली.

दिवाळीनंतर टूरवाल्याचा फोन आला. राहिलेलं दर्शन करून आणतो, एप्रिलमध्ये, निम्म्या पैशांत. मी हिच्याकडे पाहिलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला नंतर सांगू. आधी त्या पोऱ्याला फोन लावा आणि विचारा, त्या खिळ्यावर फोटो लावला का. आणि लावला असेल तर कुणाचा, तेही विचारा."