कोरे पान

दिवाळी जवळ आली की घरात प्रत्येकाच्या वाट्याला एकेक काम येते. फराळाच्या कामात माझा उपयोग मोडकी चकली संपविण्यापुरताच. तेव्हा पुस्तकांचे कपाट झाडण्याचे काम माझ्याकडे आपोआपच आलेले आहे. काम तसे दोन तासांचे. मला ते दोन दिवस पुरते. धूळ झटकण्यासाठी घेतलेले पुस्तक उघडायचे नाही, एवढा निग्रह मला आजवर साधलेला नाही.

परवा अशीच 'बनगरवाडी' हाती आली. खाकी कागदाचे कव्हर, कोपरे दुमडलेले. माझ्या या प्रतीच्या शेवटी एक कोरे पान होते. आता ते कोरे नाही. त्यावर पेन्सिलीने ओढलेली एक वाकडीतिकडी रेघ आहे. तिची हकिगत सांगावी असे बरीच वर्षे मनात आहे.

मी फलटण तालुक्यातल्या एका गावी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. सातवीला इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवीत असे. हे तिन्ही तास दुपारच्या सुट्टीनंतरचे. भाकरी खाऊन आलेली मुले आणि सनावळ्या, यांचा संयोग म्हणजे निद्रादेवीला धाडलेले आमंत्रणच! मुले डुलक्या घेत आणि खरे सांगायचे तर कधीकधी मास्तरही.

एके दिवशी समाजसुधारणेचा धडा चालू होता. 1856 साली विधवाविवाहाचा कायदा झाला, हे एक वाक्य मुलांनी वहीत उतरवून घेतले आणि विषय संपला. मला ते बरे वाटेना. दुसऱ्या दिवशी मी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' घेऊन गेलो आणि यमूच्या हकिगतीतली काही पाने वाचून दाखविली. वर्गात कोणी डुलकी घेतली नाही. वाचन संपल्यावर एका मुलीने विचारले, "गुरुजी, हे पुस्तक कधीचं?"

मी म्हणालो, "1890 पासून ते 'करमणूक' पत्रात क्रमशः येत होते."

ती बोटांवर हिशेब करून म्हणाली, "मग कायदा होऊन चौतीस वर्षं झाली होती की! तरी यमूचे हे हाल कसे?"

पंधरा वर्षांच्या नोकरीत इतका चांगला प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. कायदा कागदावर होतो आणि घराच्या उंबऱ्याशी येऊन कितीतरी वर्षे ताटकळतो, ही गोष्ट मी शिकवली नव्हती. ती त्या मुलीची तिलाच सापडली.

तेव्हापासून शनिवारचा एक तास कादंबरीचा झाला. हेडमास्तरांच्या कपाळाला आठी पडली. कादंबऱ्या वाचून मुले बिघडतात, अशी त्यांची जुनी श्रद्धा. मी त्यांची समजूत घातली आणि एक शिस्तही लावून घेतली. फळ्यावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे 'गोष्टीतले' आणि उजवीकडे 'पडताळून पाहिलेले'. कादंबरीकार बोलतो ते सगळेच खरे घडलेले नसते, हे मुलांना कळलेच पाहिजे. नाहीतर इतिहासाच्या पेपरात कादंबरी अवतरायची!

1989 च्या जूनमध्ये मी 'बनगरवाडी' वाचायला घेतली. माणदेशातली धनगरांची वाडी आणि तिथे नेमणूक झालेला कोवळा मास्तर. आमच्या मुलांना ती भाषा, ती माणसे परकी नव्हतीच. फळ्याची उजवी बाजू भराभर भरू लागली. गोष्टीतले राजेसाहेब औंध संस्थानचे. त्या संस्थानाने 1939 साली प्रजेच्या हाती कारभार देणारी घटना केली आणि 1948 मध्ये ते विलीन झाले. वाडीत पाऊस का नाही, याचे उत्तर भूगोलात मिळाले. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात आमच्या पदरी जेमतेम पाचशेच्या आसपास. 'पर्जन्यछाया' हा शब्द मुलांना त्या वर्षी पाठ करावा लागला नाही.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी पुस्तक संपले. दुष्काळ पडतो, माणसे निघून जातात, वाडी ओस पडते. वर्ग गप्प होता. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "गुरुजी, ती माणसं फुडं कुठं गेली?"

हा मुलगा धनगराचा. वर्गात तोंड न उघडणारा. दरवर्षी दिवाळीनंतर तो महिना-महिना दिसत नसे. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे मी लाल शाईने शेरा मारला होता, 'पालक बेफिकीर'.

मी म्हणालो, "पुस्तकात ते नाही रे. गोष्ट मास्तर सांगतो आहे. त्याला दिसले तेवढेच त्याने सांगितले."

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "म्हंजी, त्यांचं नव्हं. आमचं."

मग तो फळ्यापाशी आला आणि बोलू लागला. त्यांचा वाडा दरसाल दिवाळीच्या सुमारास कोकणाकडे निघतो. घोड्यांवर बिऱ्हाड, पुढे मेंढरे. लोणंद, शिरवळ, भोर, मग वरंधा घाट उतरून महाडकडे. भाताची कापणी झालेली असते. तिथले शेतकरी वाटच पाहत असतात. रात्री त्यांच्या शेतात मेंढरे बसवायची. लेंड्यांचे खत होते, बदल्यात भात मिळतो, कुठे पैसे. पावसाच्या तोंडाला माघारी.

मागच्याच आठवड्यात मी वर्गाला व्याख्या उतरवून दिली होती : 'भटके म्हणजे ज्यांना घर नसते ते.' तिची आठवण देऊन कोणीतरी त्याला डिवचले. तो शांतपणे म्हणाला, "घर हाय की आमचं. कुलूप लावून जातो."

ती व्याख्या मी स्वतःच्या हाताने पुसली. शेऱ्याचे मात्र काय करावे ते कळेना. शाईचे पुसता येत नाही.

बोलता बोलता त्याने सांगितले की, त्याला सांभाळणारी आजी उन्हाळ्यात वारली; या साली तो सबंध हंगाम वाड्याबरोबर जाणार. मी संध्याकाळी त्याच्या वडिलांना भेटलो. त्यांनी घोंगडे अंथरले, चहा दिला, माझे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गुरुजी, तुमचं खरं हाय. पर वाड्याला दोन हात कमी पडत्यात." या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ज्याला मी बेफिकीर म्हटले होते, त्याच्या कपाळावर साऱ्या हंगामाची फिकीर लिहिलेली होती.

निघताना मी 'बनगरवाडी' मुलाच्या हाती दिली. बाकी देण्यासारखे काही नव्हते. आमच्या घरी पणत्या लागल्या त्या दिवशी त्यांचा वाडा गावाबाहेर पडला.

जूनमध्ये तो परत आला. वर्ष बुडाले होते; तो पुन्हा सातवीत बसला. पुस्तक परत देताना ओशाळून म्हणाला, "मागल्या पानावर जरा लिवलंय." पाहतो तो सबंध वाट काढलेली! पाण्याची ठिकाणे टिंबांनी दाखवलेली, मुक्कामाची गोलांनी. घाटात एके ठिकाणी फुली आणि खाली बारीक अक्षरात : 'हितं कोकरू गेलं.'

त्या वर्षी स्थलांतराचा धडा त्याने शिकविला. मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. फळ्यावर त्याने आपली रेघ डावीकडे काढावी की उजवीकडे, म्हणून माझ्याकडे पाहिले. मी उजवीकडे बोट दाखवले.

पुढे पुष्कळ वर्षे मी मुलांना कादंबऱ्या वाचून दाखविल्या. त्यांतून इतिहास कळतो असे लोक म्हणतात, थोडा कळतोही. पण मला त्यांचा खरा उपयोग निराळा वाटतो. गोष्ट संपली की एखादे मूल विचारते, पुढे काय झाले? आणि ते ठाऊक असणारे दुसरे मूल कधीकधी त्याच वर्गात बसलेले असते.

"अहो, झालं का कपाट?" आतून हाक आली. मी पुस्तक मिटले. खालचा अख्खा खण अजून तसाच होता.