वेचणीच्या नोंदीतून नुसते आकडे

कापसाची वेचणी सुरू आहे. रोजची मापं मोबाईलवर गुगल शीटमध्ये जातात आणि नोंद घरातलं कोणीही करतं. त्यामुळे बी कॉलममध्ये कुठे नुसतं २२, कुठे ‘१८ किलो’, कुठे ‘आली नाही’.

मेख इथेच आहे. ‘सम’ अक्षरं असलेला खाना धरतच नाही, अन् चूकही दाखवत नाही. किलोला १० रुपये दर धरला तर ‘१८ किलो’वाल्या बाईचे १८० रुपये गेले. दिवसभर वाकून वेचलेला कापूस शीटमध्ये शून्य.

ओळखायची खूण: आकडा खान्यात उजवीकडे सरकतो, मजकूर डावीकडे राहतो.

आता उपाय. सी२ मध्ये हे सूत्र टाका, फंक्शनची नावं अन् खान्याचा पत्ता इंग्रजीत:

=इफएरर(व्हॅल्यू(सब्स्टिट्यूट(बी२,"किलो","")),"")

शेवटच्या नोंदीपर्यंत खाली कॉपी करा. ‘किलो’ गळतं, १८ उरतो. ‘आली नाही’समोर रिकामं राहतं. बेरीज सी कॉलमची करायची.

पण कुणी ‘१८ कि.’ लिहिलं तर तेही रिकामंच येणार. म्हणून ताळा घ्या: बी वर ‘काउंटए’, सी वर ‘काउंट’. पहिलं भरलेले सगळे खाने मोजतं, दुसरं फक्त आकडे. २६ आणि २३ आले तर त्या ३ नोंदी डोळ्यांनी बघा. तिन्ही गैरहजेरीच्या असल्या तर ठीक, नाहीतर दुरुस्त करा. पैसे त्यानंतरच वाटा.