परक्याच्या ताटासाठी

जपानी मातीकामाबद्दल माझं मत फार वर्षं ठाम होतं. राकूचा ओबडधोबड चहाचा वाडगा, झिलईशिवाय भाजलेलं बिझेनचं भांडं, हाच खरा जपान. लाल, निळ्या, सोनेरी रंगांनी भरलेली इमारी पोर्सेलीन म्हणजे युरोपच्या राजवाड्यांसाठी केलेला निर्यातीचा माल. गिऱ्हाइकाच्या आवडीकडे बघून केलेली कला मला दुय्यम वाटायची.

आता तसं वाटत नाही. मत बदलायला सुरुवात झाली ती संयुक्त अरब अमिरातीतल्या रास अल खैमाला. तिथल्या जुन्या किल्ल्यातल्या राष्ट्रीय संग्रहालयात जुल्फार बंदरात सापडलेली खापरं आहेत. त्यात जवळच्या डोंगराळ भागातल्या भट्ट्यांमधली जाडीभरडी मडकी आहेत, आणि चिनी निळ्या-पांढऱ्या बश्यांचे तुकडेही. जुल्फारच्या उत्खननात कानाझावा विद्यापीठाचे तात्सुओ सासाकीही होते. जपानी माणूस अरबी वाळूत चिनी बश्या शोधतो, हे मला फार भावलं. पोर्सेलीनचं घर एका देशात नसतंच, ते बंदराबंदरांत असतं.

मग इमारी पोर्सेलीन जिथे घडते त्या आरिताचा इतिहास नव्या नजरेने वाचला. क्युशू बेटावरच्या या गावात 1616 च्या सुमारास री सांपेई नावाच्या कुंभाराला इझुमियामाच्या टेकडीत पोर्सेलीनचा दगड सापडला, असं परंपरा सांगते. तो कोरियन होता. जपानी सत्ताधीश हिदेयोशीच्या कोरियावरच्या स्वाऱ्यांच्या काळात तिथून जे कुंभार जपानात आणले गेले, त्यांतला. म्हणजे हात कोरियन, नमुने चिनी. पुढे मिंग घराणं कोसळलं, चीनचा माल आटला आणि डच व्यापारी आरिताकडे वळले. 1659 च्या त्यांच्या मोठ्या मागणीतला बराच माल येमेनच्या मोखा बंदरासाठी होता. मोखा म्हणजे तेव्हाची कॉफीची पेठ! राजवाडे वगैरे मी धरून बसले होते, आणि तांबडा समुद्र माझ्या डोक्यातही नव्हता.

मी राहते तिथे, अमिराती घरात कॉफी देतात ती बिनकानाच्या छोट्या फिंजानमध्ये, तळाशी थोडीशीच. पुरे झालं की पेला हलवून परत द्यायचा. पातळ पोर्सेलीनमधून कॉफीची ऊब बोटांना लगेच कळते. या वापरात मला आता कुठेही दिखाऊपणा दिसत नाही.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते नोरिताके या जपानी कंपनीच्या ताटलीने. मोरिमुरा बंधूंचा न्यूयॉर्कशी व्यापार 1876 पासूनचा. त्यातूनच 1904 मध्ये नागोयाजवळ निप्पॉन तोकी, म्हणजेच आजची नोरिताके, ही कंपनी उभी राहिली. कप, बश्या, फुलदाण्या जमल्या. अडलं ते 25 सेंटिमीटरच्या सपाट जेवणाच्या ताटलीपाशी. तेराशे अंशांच्या आसपास पोर्सेलीन मऊ पडते, आणि रुंद सपाट तळ वाकतो. जपानी जेवण वाट्यांचं आणि छोट्या थाळ्यांचं, अशी ताटली त्यांना स्वतःला लागतच नव्हती. तरी जवळजवळ दहा वर्षं ते तिच्यामागे होते. 1914 मध्ये पहिला पूर्ण डिनर सेट तयार झाला.

मी परमुलखात दुसऱ्यांच्या गरजेप्रमाणे काम करून जगते. माझ्या कामाला कुणी नुसता निर्यातीचा माल म्हटलं तर मला राग येईल. राकूचा वाडगा मला अजूनही प्रिय आहे. शारजाच्या माझ्या घरी पाहुणे आले की मात्र मी जपानी ताटल्या काढते, आणि आमटी वाढायच्या आधी त्यांना त्या दहा वर्षांबद्दल सांगते.